सदतीसात एक

खंडाळ्याच्या घाटात रुळाकडेला जागोजागी बुटके खांब आहेत. खांबाला दोन हात आणि हातांवर आकडे. पुढे चढ असेल तर हात वर उचललेला, उतार असेल तर खाली झुकलेला. कर्जतच्या आत्याकडून पॅसेंजरने परत येताना आप्पांनी मला खिडकीतून असा एक खांब दाखवला, तेव्हा मी तिसरीत असेन. कर्जतला मागे लागलेली बँकर इंजिनं गाडीला रेटत होती, डब्याला मधूनच धक्का बसत होता, आणि त्या खांबावर ३७ लिहिलेलं होतं. हा कसला नंबर, म्हणून मी विचारलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, घाटातल्या गँगमध्ये गँगमन होते. ते म्हणाले, "सदतीस पावलं म्होरं गेलं, की एक पाऊल वर. एवढंच लिवलंय त्यात."

पुढे नववी-दहावीत रेषेचा चढ शिकलो, कॉलेजात अवकलन शिकलो, मग मावळातल्याच एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. पण चढाची याहून नेमकी व्याख्या मला कुठे भेटली नाही. 'चढ' हा शब्द पाठ्यपुस्तकाने कुठून आणला, हे आमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतून शाळेला जातानाही चढच होता.

नववीत पहिल्यांदा आलेखाचा कागद हातात आला. हिरव्या रेघांचा, मिलिमीटरच्या चौकटींचा तो कागद दुकानात सुटा मिळायचा आणि घडी पडू नये म्हणून मी तो वहीत घालून, वही छातीशी धरून घरी आणला होता. शाळेत सांगितलेली उदाहरणं बाजूला ठेवून मी आधी काय काढलं असेल, तर आप्पांचा खांब. आरंभबिंदूपासून सदतीस चौकटी उजवीकडे, एक चौकट वर. बिंदू ठेवला, पट्टी लावली, रेघ ओढली. आणि बघतो तर ती रेघ क्ष-अक्षाला चिकटूनच पडलेली. डोळे बारीक केले तरच दोन रेघांमधली पाचर दिसायची. ज्या चढासाठी गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात, तो चढ कागदावर जेमतेम दीड अंशाचा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय.

आमच्या सरांनी कागद पाहिला आणि वरच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "प्रमाण लिहिलं नाहीस." आलेखाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचं असतं, नाहीतर गुण जातात, एवढंच तोवर मला माहीत होतं. त्यांनी लिहून दिलं: क्ष-अक्षावर १ सेमी = १ किलोमीटर, य-अक्षावर १ सेमी = ५० मीटर. आणि म्हणाले, आता अख्खा घाट काढ.

घाट म्हणजे जुन्या बांधणीत सुमारे १६ मैलांची वाट आणि त्यात १,८३१ फुटांची चढाई. मीटरमध्ये ती साधारण ५५८ भरते. सरासरी काढली तर ४६ ला १ च्या आसपास, आणि सगळ्यात खडा भाग ३७ ला १. नव्या प्रमाणात पंचवीस सेंटिमीटर लांब आणि अकरा सेंटिमीटर उंच असं काहीतरी कागदावर उभं राहिलं. तो डोंगर होता. तोच चढ, तेच आकडे, पण य-अक्ष वीसपट ताणल्याबरोबर जे पायांना कळत होतं ते डोळ्यांना दिसू लागलं. त्या दिवसापासून मी कुठलाही आलेख पाहिला, वर्तमानपत्रातल्या सोन्याच्या भावाचा असो की दवाखान्यात भिंतीवर लावलेला मुलांच्या वजनाचा, तर आधी कोपरा बघतो. अक्ष किती ताणलाय हे कळल्याशिवाय चढाविषयी बोलता येत नाही.

आता या घाटाविषयी थोडं सांगायलाच हवं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने या डोंगराची मोजणी करून मार्ग आखला. काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाट वाहतुकीला खुला झाला. मधेच कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट हाती घेऊन काम तडीला नेलं. ऐन कामाच्या दिवसांत ४० हजारांहून अधिक माणसं या कड्यांवर राबत होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांतली किती गेली, त्यांची नावं कुठे नाहीत. माझ्या नववीतल्या आलेखावर त्यांच्या वाटणीची एक निळसर पेन्सिलरेघ आहे, आणि ती मी आजही जपून ठेवली आहे.

त्या घाटात एक गोष्ट अशी होती, की तिने मला 'फल' म्हणजे काय ते शिकवलं. १९२९ पर्यंत गाडी खंडाळ्याच्या खाली एका जागी येऊन थांबायची. पुढे डोंगराचा कडा, वळायला जागा नाही. म्हणून इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी आल्या दिशेला उलटी फिरून, पण दुसऱ्या रुळावरून, चढतच पुढे जायची. रिव्हर्सिंग स्टेशन ते हेच. आता याचा आलेख काढा. आडव्या अक्षावर नकाशातलं एका दिशेचं अंतर घेतलं, उभ्या अक्षावर उंची घेतली, तर रेघ उजवीकडे चढत जाते, एका टोकाशी येते आणि तिथून वर चढत डावीकडे परत फिरते. म्हणजे एकाच जागेच्या डोक्यावर दोन उंच्या. 'इथे गाडी किती उंचीवर होती?' या प्रश्नाला दोन उत्तरं. गणित म्हणतं, एका क्षला एकच य असेल तरच त्याला फल म्हणू. हे फल नाही.

पण आडव्या अक्षावर नकाशातलं अंतर न घेता रुळावरून कापलेलं अंतर घेतलं, तर? मग तीच गाडी, तोच कडा, तेच उलटं फिरणं, आणि तरी रेघ नीट उजवीकडे चालत राहते. चाक मागे फिरलं तरी मैल वाढतोच. आप्पांना मी हे समजावून सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी परत फिरली तरी डायवरचा दिवस पुढंच जातो की." कशाच्या संदर्भात मोजायचं, हे निवडणं म्हणजे अर्धं गणित. उरलेलं अर्धं नुसती आकडेमोड असते.

मुलांना 'एका क्षला एकच य' ही अट फळ्यावर सांगून समजत नाही. मी त्यांना कार्ल्याला नेत असे. एकवीरेच्या पायऱ्या चढून देवीचं दर्शन घेऊन चैत्यगृहासमोर उभं राहायचं आणि वरच्या कमानीकडे बघायचं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली ती घोड्याच्या नालेसारखी कमान खाली येताना आत वळते. हातात पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिल डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची. कडेला एक जागा अशी येते की पेन्सिल कमानीला दोनदा छेदते, वर एकदा आणि खाली आत वळलेल्या भागावर एकदा. "सर, दोन य!" असं कुणीतरी ओरडलं की माझं काम झालेलं असे. मग आत जाऊन छताच्या लाकडी फासळ्या पाहायच्या आणि घरी. नागफणीचा कडाही असाच. फणा पुढे झुकलेला असल्यामुळे त्याच्या खालीही तोच डोंगर आहे. क्षितिजाची रेघ पाहताना आपण तिला फल समजत असतो, आणि नागफणीपाशी ती आपल्याला अडवते.

बाकी मावळचं क्षितिज मात्र फलांनीच भरलेलं आहे. मळवलीला लोकलमधून उतरलं की समोर लोहगड आणि विसापूर. विसापूरचा माथा इतका सपाट की य बराच वेळ बदलतच नाही, आणि मग दोन्ही बाजूंना कडा. लोहगडावर चढून पवनेच्या पाण्यापलीकडे पाहावं, तर तुंग. दोन सरळ रेघा येऊन एका टोकात मिळाव्यात तसा. केवल मूल्याचा आलेख उलटा केला की तुंग होतो. आणि राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, मधे खोलगट जागा. असा आकार वर्गसमीकरणाला जमत नाही, त्याला एकच शिखर. घनालाही जमत नाही, त्याचा एक हात वर गेला की दुसरा खाली. दोन शिखरं आणि मधे एक दरी हवी तर क्षचा चौथा घात लागतो. य = २क्ष² − क्ष⁴ घ्या, दोन सारखी शिखरं मिळतात. पण श्रीवर्धन मनरंजनपेक्षा उंच आहे. मग त्यात क्षचा एक छोटा तुकडा मिळवायचा, क्ष भागिले दहा एवढा पुरे. एक शिखर जरा वर येतं, दुसरं जरा बसतं. पहिल्यांदा हे करून पाहिलं त्या रात्री मी किती वेळ कागदासमोर बसलो होतो ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की सकाळी खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे मी ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

माझे मामा पुण्याला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. एका रविवारी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मला गाड्यांचा चार्ट काढून दाखवला. आडव्या अक्षावर वेळ. उभ्या अक्षावर स्टेशनं, एकमेकांपासून खऱ्या अंतराच्या प्रमाणात: वर लोणावळा, मग मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, असं करत तळाला पुणे. एकूण ६४ किलोमीटर. लोकलची रेघ पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, दर स्टेशनाला एक छोटा आडवा तुकडा, कारण तिथे वेळ पुढे जातो आणि गाडी उभी असते. डेक्कन क्वीनची रेघ एकसंध आणि जास्त उभी. "जी जास्त उभी, ती जास्त जोरात," मामा म्हणाले. मग त्यांनी उलट्या दिशेची एक मालगाडी काढली, खालून वर चढणारी, आणि जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे पेन्सिलने टिंब दिलं. "इथं या दोघी एकमेकींसमोरून जाणार. कामशेतच्या जरा अलीकडं." एकसामयिक समीकरणं आलेखाने सोडवा, असा प्रश्न परीक्षेत चार गुणांना येतो. मामांच्या ऑफिसात तोच प्रश्न दिवसरात्र, पाळ्या लावून, माणसं सोडवत होती आणि त्याच्या उत्तरावर हजारो जीव प्रवास करत होते. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मधल्या आपल्या पुस्तकात पॅरिस ते लियाँच्या गाड्यांचा असाच चार्ट छापला आहे. मी तो पुढे पाहिला तेव्हा मला त्या कॅलेंडरच्या पानाचीच आठवण झाली.

पण मला सगळ्यात जास्त ज्याविषयी लिहायचं आहे ते वेगळं आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं.

आप्पा पुढे मुकादम झाले. वळणावरचा रूळ तपासायचा असला, की पीडब्ल्यूआय साहेबांबरोबर, म्हणजे रेल्वेमार्गाच्या निरीक्षकांबरोबर, गँग जायची. बाहेरच्या रुळावर दर दहा मीटरला खूण केलेली असते. वीस मीटरची दोरी दोन टोकांना दोघांनी रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरायची आणि बरोबर मधल्या खुणेपाशी दोरी आणि रूळ यांच्यामधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. याला वर्साइन म्हणतात. मग दहा मीटर पुढे, परत दोरी, परत पट्टी. साहेब वहीत आकडे लिहून घ्यायचे. आप्पांच्या ते डोक्यात राहायचे. रात्री जेवताना ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणायचे, "सरळात शून्य. मग वीस, चाळीस, साठ, ऐंशी. मग शंभर, शंभर, शंभर. असं पायजे. आज साठच्या जागी बहात्तर आलं." मग दुसऱ्या दिवशी पहारी लावून रूळ सरकवायचे, खडी दाबायची आणि बहात्तरचे साठ करायचे.

मला तेव्हा वाटायचं, वळण म्हणजे वर्तुळ. सरळ रूळ संपला की वर्तुळ सुरू. मग आकडा शून्यावरून एकदम शंभर का होत नाही? आप्पांना विचारलं तर म्हणाले, "एकदम शंभर केलं तर डब्यातला चहा सांडंल. माणूस पडंल." बाहेरचा रूळ वळणावर उचललेला असतो, ती उचलही हळूहळूच द्यावी लागते. सरळ आणि वर्तुळ यांच्यामध्ये एक दुवा लागतो.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी एका पुस्तकात वाचलं, की भारतीय रेल्वेवर हा दुवा घनीय अन्वस्ताचा असतो. म्हणजे य = क्ष³ च्या जातीचा, फक्त खाली वळणाची त्रिज्या आणि दुव्याची लांबी यांच्या गुणाकाराची सहापट येते. मी वही उघडली आणि साधे घन लिहिले. ०, १, ८, २७, ६४, १२५. आता दोरी ताणायची. दोन टोकांची सरासरी, वजा मधला. ० आणि ८ ची सरासरी ४, वजा १, म्हणजे ३. १ आणि २७ ची सरासरी १४, वजा ८, म्हणजे ६. ८ आणि ६४ ची ३६, वजा २७, म्हणजे ९. पुढचा १२.

३, ६, ९, १२. आप्पांचे वीस, चाळीस, साठ, ऐंशी.

मी कॉलेजच्या वाचनालयात बसलो होतो. बाहेर पाऊस होता. कलनशास्त्रात आम्ही ज्याला द्वितीय अवकलज म्हणत होतो, घनाचा द्वितीय अवकलज एकसमान वाढत जातो असं जे सूत्र मी पाठ केलं होतं, ते माझे वडील वीस वर्षं दोरी आणि पट्टी घेऊन पावसात भिजत मोजत होते. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. त्यांनी य = क्ष³ हा आलेख कधी कागदावर काढला नाही, कारण ते तो लोखंडात काढत होते, खऱ्या प्रमाणात, १ मीटर = १ मीटर. त्याच ओळीत ६४ आणि २७ मधला फरक बोटाने मोजला तेव्हा तो ३७ निघाला. योगायोगच, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मला लपवायचं नाही.

रने देकार्तने १६३७ मध्ये आपला भूमितीवरचा ग्रंथ छापला आणि वक्र आणि समीकरण यांची गाठ घातली. पिएर द फर्मानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच केलं, असं आपण शिकवतो. आपल्याकडे भुज आणि कोटी हे शब्द त्याहून कितीतरी जुने आहेत आणि मराठी गणिताच्या जुन्या पुस्तकांत क्षच्या अंतराला भुज, यच्या अंतराला कोटी म्हणत असत. मला हे शब्द आवडतात. भुज म्हणजे बाहू. आडवा पसरलेला हात. घाटातला तो खांब.

आणि मराठी माणसाने या विषयात केलेलं काम सांगायचं तर श्रीराम अभ्यंकरांचं नाव घ्यावंच लागेल. १९३० मध्ये जन्मलेला हा माणूस अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवत राहिला, पण पुण्यात १९७६ मध्ये त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं. आपलं गणित म्हणजे शाळेतलंच बीजगणित आहे, असं ते आग्रहाने सांगत. १९७५ मध्ये त्यांनी आणि मोह नावाच्या गणितज्ञाने प्रतलातल्या वक्रांविषयी एक प्रमेय सिद्ध केलं. सोप्या शब्दांत ते असं: एखादा बिंदू प्रतलात चालतो आहे, त्याचा क्ष आणि त्याचा य या दोन्ही वेळेच्या बहुपदी आहेत, आणि क्ष व य यांच्यावरून बहुपदीनेच वेळ परत शोधून काढता येते, तर त्या दोन बहुपदींपैकी एकीच्या सर्वांत मोठ्या घाताने दुसरीच्या सर्वांत मोठ्या घाताला भाग जातो. वेळेचा वर्ग आणि वेळेचा घन घेऊन पाहा. २ ने ३ ला भाग जात नाही. आणि खरंच, त्या वक्राला आरंभबिंदूपाशी एक तीक्ष्ण टोक येतं, काट्यासारखं. तिथे रूळ टाकता येणार नाही. हे मुलांना दाखवलं की ती आधी वक्राकडे बघतात, मग खिडकीबाहेर.

शिकवण्याच्या एकतीस वर्षांत मी मोबाइल नव्हता तो काळ पाहिला आणि आता हातातल्या पडद्यावर समीकरण टाकताच वक्र उमटतो तो काळही पाहतो आहे. डेस्मॉस किंवा जिओजेब्रा उघडून मुलं दोन बोटांनी वक्र मोठा करत जातात, आणि कुठलाही गुळगुळीत वक्र पुरेसा मोठा केला की तो सरळ रेघ होतो, हे त्यांना दिसतं. तुंगाचं टोक मात्र कितीही मोठं केलं तरी टोकच राहतं. हे मी फळ्यावर कधीच दाखवू शकलो नसतो. तरीही पहिले दहा आलेख मी हातानेच काढायला लावत असे. क्ष घ्या, य काढा, टिंब द्या. मग पुढचं टिंब. आणि शेवटी ती टिंबं जोडा. या जोडण्यातच सगळं आहे. मधल्या जागेत काय आहे हे आपण मोजलेलं नसतं. तिथे वक्र सरळपणे वागेल असा आपला विश्वास असतो.

लोणावळ्यात जुलैत धुकं उतरलं की हेच होतं. पुढचा विजेचा खांब दिसतो, मग काही नाही, मग आणखी एक खांब. मधला रस्ता आपण मनात जोडतो. एकदा वर्गात य = १/क्ष चा आलेख होता. राजमाचीकडच्या एका वाडीतून येऊन लोणावळ्यात नातेवाइकांकडे राहणारी एक मुलगी होती. तिने सगळे बिंदू बरोबर काढले होते आणि (−१, −१) पासून (१, १) पर्यंत आरंभबिंदूतून सरळ रेघ ओढली होती. मी खोडलं नाही. म्हणालो, "अर्धा घेऊन बघ." तिने घेतला, य दोन आला. "पाव?" चार. "एक शतांश?" शंभर, कागदाच्या बाहेर. मग उणे बाजूने. उणे दोन, उणे चार, उणे शंभर. तिची पेन्सिल थांबली. "शून्याला?" मी विचारलं. "भागाकारच होत नाही, सर." "मग तिथे काय आहे?"

ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कडा." आणि ओढलेली रेघ स्वतःच रबराने पुसून टाकली. धुक्यात कड्याच्या वाटेने शाळेच्या सुट्टीत घरी जाणारी मुलगी होती ती. अनंतस्पर्शी हा शब्द मी त्या दिवशी फळ्यावर लिहिला, पण त्याआधी पाच-सहा मिनिटं वर्गात कुणी बोललं नव्हतं.

पावसाचाही आलेख आम्ही दरवर्षी काढायचो. शाळेच्या मागे मोजपात्र होतं. रोजचा पाऊस न मांडता मी एक जूनपासूनची बेरीज मांडायला लावायचो. ही रेघ कधीच खाली येत नाही. पाऊस कोसळला की ती उभी राहते, पाऊस उघडला की आडवी पडते, आणि आडव्या पडलेल्या रेघेचे दिवस मोजत आमच्या वर्गातली शेतकऱ्यांची मुलं आवणीची काळजी करत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि ६४ किलोमीटरवर पुण्यात सातशेच्या आसपास. स्टेशनागणिक पाऊस किती उतरत जातो हे लोकलच्या खिडकीतून हिरव्याच्या छटांवरूनही दिसतं. मधल्या उतारावर भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली. प्रत्येक खाचरात पाणी समतल, बांधावर एकदम खाली, पुन्हा समतल. पूर्णांक भागाचं फल शिकवताना मला दुसरं चित्र कधी शोधावं लागलं नाही.

आप्पा निवृत्त झाल्यावर त्यांची नजर गेली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पण मागचा पडदाच खराब होता. गेल्या पावसाळ्यात आत्याकडचं कार्य होतं म्हणून आम्ही कर्जतला गेलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. खिडकीशी त्यांना बसवलं. कर्जतला मागून धक्का बसला, तसे ते सावरून बसले. "लागली," म्हणाले. पळसदरीनंतर गाडी जड झाली. इंजिनांचा आवाज खाली उतरला. बाहेर काहीच दिसत नव्हतं, मलाही नाही. काचेवर पाण्याचे ओघळ आणि पलीकडे पांढरं. बोगदा आला, गेला. आप्पांचा हात खिडकीच्या चौकटीवर होता आणि बोटं हलकेच टेकलेली.

"सदतीस लागला," ते म्हणाले.

मी खिडकीला कपाळ लावून खांब शोधला. धुक्यात एक बुटका आकार मागे गेला, त्यावर काय लिहिलंय ते वाचता आलं नाही. पुढे बऱ्याच वेळाने आवाज सैलावला, डबा किंचित उजवीकडे कलू लागला, अगदी हळूहळू, आणि समोरच्या बाईच्या हातातला चहा कपातच राहिला. आप्पांच्या ओठांची हालचाल होत होती. मी कान जवळ नेला.

"वीस," ते म्हणत होते. "चाळीस. साठ."